एकाच कंबरेची तीन निदाने: तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या फिजिओथेरपी केंद्राच्या हेल्पलाइनवर चौथ्यांदा फोन केला. तो ठेवल्यावर लगेच हे लिहीत आहे.

माझे दुखणे उजवीकडे, कंबरेखालच्या खळग्याच्या जरा आत आहे. एका बोटाने दाखवता येते आणि तिन्ही वेळा मी तिथेच दाखवले. तुमच्या पहिल्या थेरपिस्टनी मला उभे केले, दोन्ही खळग्यांवर अंगठे ठेवले, एकेक गुडघा वर घ्यायला लावला आणि सांगितले, उजवा एस.आय. जॉइंट (कण्याचा तळ आणि कमरेचे हाड जोडणारा सांधा) अडकलाय. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या थेरपिस्टनी हेच केले आणि डावा अडकल्याचे सांगितले. तिसऱ्यांनी माझा एक पाय आखूड ठरवला. वीस सेशनचे 18,000 रुपये मात्र आधीच भरून घेतले होते.

आजचा फोन. 'मॅडम, प्रत्येकाचा हात वेगळा असतो.' मग मी कोणत्या हातावर विश्वास ठेवायचा, असे विचारले. बराच वेळ गाणे वाजत राहिले. मग कोणी वरिष्ठ आले. 'तुमचं दुखणं बाजू बदलत असेल. या वयात बायकांना होतंच असं.' मी त्रेचाळीस वर्षांची आहे. दुखणे जागचे हललेले नाही, फाइल बघा, म्हटले. त्यांनी फाइल उघडली. तिच्यात दुखण्याची जागाच कोणी लिहिलेली नव्हती. त्यावर उत्तर आले, 'मग तुम्हीच नीट सांगितलं नसेल.'

मी गोव्यात साखळी गावाजवळच्या मराठी शाळेत शिकवते. पहिलीतले पोर 'इथे दुखतं' म्हणून बोट ठेवते, तेव्हा आम्ही त्याचे ऐकतो. तुमच्याकडे तीन पदवीधरांपैकी एकानेही ते बोट कुठे आहे हे लिहून ठेवले नाही.

'प्रत्येकाचा हात वेगळा' हीच तर माझी तक्रार आहे. हा सांधा हलतो जेमतेम दोन-तीन अंश, तेही कातडी आणि स्नायूंच्या थराखाली. अंगठ्याने ती हालचाल ओळखण्याच्या चाचण्यांवर दोन तपासणाऱ्यांचे एकमत होत नाही, हे फिजिओथेरपीच्या क्षेत्राला 1985 पासून ठाऊक आहे. तेव्हाच्या अभ्यासात तेरा चाचण्या घेतल्या होत्या. त्यांतल्या फक्त दोन बऱ्यापैकी टिकल्या, आणि त्या दोन्हींत रुग्णाला कुठे दुखते हे विचारले जाते. फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या भाचीने हे समजावून सांगितले. तुमच्या व्यवस्थापनाला ते माहीत नसेल असे मी धरणार नाही.

दुखणे मुद्दाम उठवून पाहण्याच्या चाचण्या आहेत: उताणे झोपवून कमरेची हाडे बाहेर दाबणे, कुशीवर झोपवून वरून दाब देणे, मांडी उभी करून तिच्यातून खाली रेटणे, पालथे झोपवून त्रिकास्थीवर, म्हणजे कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडावर, दाब देणे, एक पाय खाटेच्या कडेखाली सोडणे. एकट्या चाचणीवर काही ठरत नाही. तीन किंवा अधिक चाचण्यांत नेहमीचेच दुखणे उठले, तर या सांध्याचा संशय घ्यायचा. एकीतही उठले नाही, तर कारण दुसरीकडे शोधायचे. खात्री हवी असेल तर स्कॅनवर बघत सांध्यात बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. यातले तुम्ही काहीही केले नाही. कदाचित माझा एस.आय. जॉइंट मुळात ठीक असेल, आणि मी त्याच्याच उपचाराचे पैसे भरले असतील.

यंदा गणेश चवथीला नेवऱ्या (करंज्या) करायला मला जमिनीवर बसता आले नाही. तुमच्या फलकावर 'अचूक निदान' असे लिहिले आहे, म्हणून मी घराजवळचा दवाखाना सोडून तुमच्याकडे आले होते. मी तिन्ही वेळा बोट एकाच जागी ठेवले होते, हे पुन्हा लिहिते.

उरलेल्या चौदा सेशनचे 12,600 रुपये पंधरा दिवसांत परत करा. तिन्ही तपासण्यांच्या नोंदी लेखी द्या. नाहीतर मी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. पावत्या माझ्याकडे आहेत. फोन करू नका, लेखी उत्तर पाठवा.

तुमच्या केंद्रातील ग्राहक
साखळी, गोवा