ओळख करून न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

बीएस्सीला असताना संशोधनासाठी गाईड कसा गाठायचा, हे कुठल्याच सेमच्या सिलॅबसमध्ये नसतं. तुम्ही ते शिकवलंत. कुणाला फोन करून ओळख काढून दिली नाहीत, त्याबद्दल तर दुप्पट आभार.

संस्थांच्या वेबसाइटवरची माहिती बरेचदा शिळी असते. गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची साइट) गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर, म्हणजे शोधनिबंध, बघा, असं तुम्ही सांगितलंत. जीवशास्त्रात लॅब ज्यांची त्यांचं नाव बहुधा शेवटी, आणि पहिलं नाव प्रत्यक्ष हात काळे करणाऱ्याचं, बहुतेक वेळा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं. रोजचं काम तोच शिकवणार, म्हणून त्याचंही वाचा. गणितात नावं सहसा आडनावांच्या वर्णक्रमाने लागतात. तिथे हा हिशेब चालत नाही.

मेलच्या बाबतीत तुम्ही भलत्याच कडक. दीडशे-दोनशे शब्द, एका पेपरातल्या एका आकृतीबद्दल खराखुरा प्रश्न, आपल्याला येतं काय (टायट्रेशन, जेलवर डीएनए वेगळं करणं, थोडंफार पायथन प्रोग्रॅमिंग), कुठल्या तारखांना मोकळे आहोत, आणि एक पानी सीव्ही. ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणत वीस जणांना एकच मजकूर धाडला की संपलं: त्यातल्या काही मॅडम असतात आणि उरलेले चहाला एकत्र बसतात. दहा दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलखाली एकदाच आठवण करायची.

वेळेचा मुद्दा सगळ्यात पटला. दोन लेक्चरांमधले दोन तास लॅबला कामाचे नाहीत. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणं, दीड-दोन तास चालतो, त्याआधी बर्फावर मिश्रण, नंतर जेलला पाऊण तास. निगेटिव्ह कंट्रोलमध्येच, म्हणजे मुद्दाम डीएनए न घातलेल्या नमुन्यातच, बँड (डीएनएचा पट्टा) उमटला, म्हणजे कुठेतरी डीएनएची भेसळ झाली, तर सगळं पहिल्यापासून. कल्याणहून कुलाब्याला टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जाणाऱ्याने म्हणूनच आठवड्यातून एक अख्खा दिवस कबूल करावा, चार अर्धे नकोत.

उन्हाळ्यातल्या कामाचे अर्ज दिवाळीच्या सुमारास बघायला लागा, हेही तुमचंच. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात त्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं आणि ऐन वेळी मागितलेलं पत्र चार ओळींचंच मिळतं.

तुम्ही लाल पेनाने सुधारलेला तो नमुना मेल, नावं खोडून, यंदाच्या एसवायच्या मुलांना देतोय. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

आपले,
टीवायबीएस्सीचे विद्यार्थी, मुंबई