‘सायको’ला मध्यंतर नको

महोदय,

जुने थरारपट पुन्हा मोठ्या पडद्यावर येऊ लागले, हे उत्तमच. पण हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) लावताना आपल्याकडचे सवयीचे मध्यंतर कृपया गाळावे. चित्रपट १०९ मिनिटांचा. मधोमध तोडला की घाव पडतो तो खुनानंतरच्या आवराआवरीवर. बादली, फडके, गाडीची डिकी. संवाद जवळजवळ नाहीत, आणि इथेच प्रेक्षकाची सहानुभूती नकळत एका पात्राकडून दुसऱ्याकडे सरकते. तेवढ्यात दिवे लावून समोसे विकले, तर पुढे ती लय सापडत नाही. खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, असा दंडक हिचकॉकने तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांना घालून दिला होता. तोही पाळावा, उशिरा येणाऱ्यांचे मोबाइलचे टॉर्च अंधार नासवतात.

प्रोजेक्शनचेही पाहावे. चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण १.८५:१ आहे, म्हणून प्रोजेक्टर ‘फ्लॅट’वर, म्हणजे याच प्रमाणाच्या सेटिंगवर हवा. ‘स्कोप’वर, म्हणजे अधिक रुंद चित्राच्या सेटिंगवर राहिला तर चित्र वर-खाली कापले जाते किंवा ताणले जाते. पडदा स्कोपचा असेल तर बाजूचे काळे पडदे आत ओढावेत, नाहीतर कृष्णधवल चित्राशेजारी करड्या पट्ट्या दिसत राहतात. मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी असेल तर तो फक्त मधल्या स्पीकरमधून सोडावा. व्हायोलिनच्या किंकाळ्यांना घाबरून आवाज आधीच कमी केला, तर बैठकीच्या खोलीतले हलके संवाद ऐकूच येत नाहीत. पहिली दहा मिनिटे आदल्या दिवशी चालवून पाहिली तरी यातले बरेचसे टळते.

– फिल्म सोसायटीचा एक कार्यकर्ता, पुणे