ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : बिल आमच्याकडून घेता, मग सवलत का नाही?

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. मी मुंबईच्या उपनगरातल्या एका चाळीत राहते, पोळी-भाजीचे डबे करते. जुना फ्रिज देऊन पाच स्टारचा नवा घ्या आणि वीजबचतीची सवलत मिळवा, असा फलक उन्हाळ्यात आमच्या नाक्यावर लागला होता. त्यावर विश्वास ठेवून आम्ही जुना फ्रिज दिला आणि नवा हप्त्यांवर घेतला. परवा सवलतीचा अर्ज परत आला. कारण एका ओळीत लिहिले आहे : मीटर अर्जदाराच्या नावावर नाही.

मीटर माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. नाव बदलायला मालकाची संमती मागितली तर तो देत नाही. पुनर्विकासात आम्ही हक्क सांगू ही त्याची धास्ती. मुंबईतल्या किती खोल्यांची हीच गत आहे ते तुमच्या खात्याला चांगले ठाऊक आहे. सासऱ्यांच्या नावाचे बिल दर महिन्याला येते आणि आम्ही ते भरतो. मुदत चुकली की दंडही भरतो. पैसे घेताना हे नाव कधीच आड येत नाही. मग चार पैसे द्यायची वेळ आली तेव्हाच मेलेल्या माणसाची सही कुठून आणायची?

फ्रिज आमच्याकडे चैनीला नाही. सासूबाईंचे इन्सुलिन त्यात असते. मळलेली कणीक, चिरलेली भाजी, नारळाचे वाटण त्यात असते. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस थांबत नव्हता, तरी मे महिन्यात भाजीला वास यायचा आणि ती मला टाकून द्यावी लागायची. बिल 100 युनिटांच्या वर गेले की पुढचा दर एकदम चढतो, आणि आम्ही दर महिन्याला त्या रेषेच्या पलीकडेच. आता बिल थोडे उतरले, पण सवलतीच्या भरवशावर ठरवलेला हप्ता डोक्यावर आहे. मुलीच्या क्लासची फी या महिन्यात थांबवली. पुढच्या महिन्यात काय थांबवायचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि तो जुना फ्रिज? तो मोडीत निघणार असे आम्हाला सांगितले होते. तो आता मागच्या गल्लीतल्या टपरीवर थंड पाण्याच्या बाटल्या गार करतोय. दाराला माझ्या मुलीने चिकटवलेली फुले तशीच आहेत, म्हणून ओळखला. तो पूर्वीइतकीच वीज खातो आहे. मग बचत झाली कुणाची? 2009 ते 2012 या काळात मेक्सिकोने लाखो जुने फ्रिज आणि एसी बदलून दिले, तेव्हा जुनी यंत्रे मोडीत काढणे योजनेतच बसवले होते. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. ते टपरीपर्यंत कधी पोहोचणार?

मला सर्वांत जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2010 साली मागणी-व्यवस्थापनाचे, म्हणजे विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याचे, विनियम केले. अशा विनियमांखाली वीज कंपन्या पंखे, फ्रिज, एसी बदलून देण्याच्या योजना आणतात आणि आयोगाने मान्य केलेला खर्च वीजदरातून वसूल होतो. म्हणजे हे पैसे कुणी पदरचे देत नाही, ते आमच्याच बिलातून जातात. ज्याच्या नावावर फ्लॅट आहे, मीटर आहे, हातात रोकड आहे, त्याच्या नव्या एसीच्या सवलतीत माझ्या डब्यांचे पैसे आहेत. मला मात्र ती सवलत नाही. छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्याला केंद्र 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देते. ज्याला छतच नाही, त्याला तुम्ही काय देता?

पंख्याचेच पाहा. साधा पंखा 75 वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चाळीत पंखा पंधरा तास तरी फिरतोच, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. राज्यात घरगुती ग्राहक दोन कोटींच्या वर आहेत. घरटी दोन पंखे बदलले आणि ते एका वेळी चालू असले, तर माझ्या हिशेबाने 1800 मेगावॅटची मागणी घटते. कोराडी वीज केंद्राचा एक संच 660 मेगावॅटचा आहे, तसे जवळजवळ तीन संच झाले! हिशेब ढोबळ आहे, पण निम्मा जरी खरा असला तरी तुम्ही स्वस्थ कसे बसता?

हे जमत नाही असे सांगू नका. एलईडी बल्बच्या वेळी जमले होते. 2014 मध्ये 310 रुपयांना होणारी बल्बची सरकारी खरेदी 2016 मध्ये 38 रुपयांवर आली, कारण एकगठ्ठा मागणी काढली. दहा रुपये देऊन बल्ब घरी न्यायचा आणि बाकीचे बिलातून फेडायचे, अशी सोय होती. तेव्हा कुणी मालकाची संमती विचारली नाही. वीज वाचवणाऱ्या एक कोटी पंख्यांची घोषणा 2023 मध्ये झाली. त्यातला एकही आमच्या चाळीत आलेला नाही.

पण घोषणांवर विसंबायचे तरी कसे? जून 2024 मध्ये सांगितले गेले की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. मग पोस्टपेड म्हणून स्मार्ट मीटर दारात आलेच. बिलावर 16 टक्के वीज शुल्क सरकार घेते, ते घेताना मी भाडेकरू की मालक हे कुणी विचारत नाही. मीटर लावायला माणूस आपणहून येतो, आणि सवलतीसाठी मी खिडकीसमोर उभी राहते तेव्हा साहेब जागेवर नसतात. आमची ओळख तुमच्याकडे फक्त वसुलीच्या यादीत आहे का?

सवलत मीटरवरच्या नावाला न देता ग्राहक क्रमांकाला द्या, आणि त्या पत्त्यावर राहणाऱ्याचे आधार किंवा रेशनकार्ड पुरावा म्हणून धरा. रक्कम पुढच्या बिलांतून वजा करा. नवे यंत्र बिलाच्या हप्त्यांवर द्या. जुने यंत्र मोडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय दुकानदाराला एक पैसा देऊ नका. आणि मीटर नावावर नाही म्हणून फेटाळलेले सगळे अर्ज पुन्हा उघडा. त्यात माझाही आहे.

कळावे,
मुंबईतील एक वीजग्राहक