सच्याला पत्र: सलाईनची बाटली जपून ठेव

सिंहगड रोड, पुणे

सच्या,

काल काकांना भेटून आलो. तोंडाला चव नाही म्हणून काकूंवर चिडचिड चालूये, म्हणजे माणूस सुधारतोय. तुझा मेसेज वाचला, डॉक्टरला कोर्टात खेचतो वगैरे. खेच की, पण आधी ऐक, सलाईनच्या कंपनीत क्वालिटीला इतकी वर्षं घासलीत मी, अशा केसमध्ये रागाचा उपयोग शून्य, सगळा खेळ बाटलीचा असतो.

काकांना सलाईन लावली आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप चढला, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. जंतू कारखान्यातून आले का वॉर्डात शिरले, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे हवा जायला बाटलीच्या बुडात सुई खुपसतात ना, कंपनीचा वकील नेमकं तेच काढणार बघ. आणि पाणी डोळ्याला स्वच्छ दिसतं, तरी आत जंतू असू शकतात.

काकूंना मात्र मानलं. ती अर्धी बाटली त्यांनी सिस्टरच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली, सेटसकट, म्हणजे नळीसकट, पिशवीत बांधून आता फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलीये. कुणी उघडून बघायची नाही. पण उघडलेली बाटली एकटी पुरत नाही, त्याच बॅचच्या सीलबंद बाटल्या हव्यात, त्यासाठी एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, ड्रग इन्स्पेक्टरकडे आजच लेखी तक्रार दे. बॅच नंबर फार्मसीच्या बिलावर असतो. शिवाय औषध कायद्याच्या कलम 26 खाली विकत घेतलेलं औषध आपल्यालाही फी भरून सरकारी लॅबला तपासायला देता येतं, हे लोकांना माहीतच नसतं. जंतू वाढतायत का ती टेस्ट 14 दिवस चालते, तेव्हा रोज फोन करून त्यांचं डोकं खाऊ नकोस.

हॉस्पिटलकडे केसपेपर लेखी माग, 72 तासांत द्यावे लागतात. त्यात अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती टेस्ट, आहे का बघ. रक्तात निघाला तोच जंतू सीलबंद बाटलीत निघाला तर मग कंपनीला बोलायला तोंड राहत नाही.

डॉक्टरवरच का उखडू नकोस सांगतो. 1972 ला इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टला डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाईनच्या, बाटल्यांनी पाच पेशंट गेले. कारखान्यात ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं बाटल्या निर्जंतुक करायच्या मशीनच्या, तळाशी हवा अडकली होती, खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत, रेकॉर्डर तापमान चढत नाही असं दाखवत होता आणि लोकांनी ठरवलं की रेकॉर्डरच बिघडलाय! वॉर्डातल्या डॉक्टरला काय कळणार? आपल्याकडे 2011 ला जोधपूरला, 2024 ला बळ्ळारीला बाळंतिणी गेल्या तेव्हाही बोट सलाईनकडेच होतं.

म्हणून केसमध्ये हॉस्पिटल आणि कंपनी दोघांनाही पार्टी कर. 2019 च्या ग्राहक कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी, म्हणजे सदोष मालाची जबाबदारी, आहे, मालात दोष होता आणि त्यानंच इजा झाली हे दाखवलं की झालं, कंपनीचा हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करत बसावं लागत नाही. मुदत दोन वर्षं. जिल्हा ग्राहक आयोगात 50 लाखांपर्यंतची केस चालते, पण ते भरलेल्या पैशावर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि 5 लाखांपर्यंत फी पण नाही. काकांचं बिल त्यात आरामात बसतं. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी हॉस्पिटल असतं तर हा रस्ता बंद होता, सुप्रीम कोर्टानं 1995 लाच सांगितलंय.

बिलातले थोडे पैसे परत देतो, या कागदावर सही करा, असं तिथला मॅनेजर काकूंना म्हणालाय. सही अजिबात नाही! तो कागद काय आहे ते वकिलानं आधी वाचायचं. वकील नको असेल तर ग्राहक पंचायत आहेच, 1974 ला बिंदुमाधव जोशींनी आपल्या पुण्यातच सुरू केली होती, पंचायतीकडे जाऊ.

नागपूरहून शनिवारी निघतोयस ना? फार्मसीची ओरिजिनल बिलं तुझ्याच बॅगेत गेलीयेत असं काकू म्हणाल्या, ती आण, आणि त्याआधी बॅच नंबरचा फोटो काढून मला आत्ताच पाठव.

तुझा,
मंद्या