चार महिन्यांसाठी पत्र

प्रिय अनघा,

काल फोनवर मी जास्तच बोलले. दुसऱ्याच कशाचा तरी राग तुझ्यावर निघाला. जीवशास्त्र सोडून तू विज्ञानाच्या समाजशास्त्राकडे, म्हणजे वैज्ञानिक प्रत्यक्षात काम कसं करतात त्याच्या अभ्यासाकडे चाललीस, त्याला माझी ना नाही. पण प्रबंध सादर करायला चार महिने उरलेत आणि तू आत्ताच निघायचं म्हणतेस. झोप उडाली ती एवढ्यावरून.

या वाटेनं गेलेली माणसं आठव. थॉमस कूननं १९४९ साली भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट घेतली, मग तो विज्ञानाच्या इतिहासात रमला. एव्हलिन फॉक्स केलर भौतिकशास्त्रातली, डोना हॅरावे जीवशास्त्रातली. डेव्हिड एज रेडिओ खगोलशास्त्रातला, १९६६ मध्ये एडिंबरा विद्यापीठात विज्ञानाचाच अभ्यास करणाऱ्या सायन्स स्टडीज युनिटचा पहिला संचालक झाला. सगळ्यांनी आधी हातातलं काम पुरं केलं. तू म्हणशील, समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्सकडे कुठे होती विज्ञानातली डॉक्टरेट? नव्हती, खरंय. पण त्याला काय सापडलं ते बघ. टीईए लेसर (वायूवर चालणारा एक लेसर) बांधणाऱ्या प्रयोगशाळांचा त्यानं अभ्यास केला, १९७४ साली तो छापून आला. नुसते छापील लेख वाचून कुणालाच चालता लेसर बांधता आला नव्हता. ज्यांना जमलं, त्यांचं आधी बांधलेल्यांशी येणं-जाणं, बोलणं होतं.

आणि मला तुझी निळी वही आठवली. दुसरं वर्ष, तीन आठवडे वेस्टर्न ब्लॉट, ती जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेनच्या पातळ पडद्यावर उतरवून ओळखायची चाचणी, बसत नव्हता. जेल आणि मेम्ब्रेनच्या मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की तिथलं प्रथिन उतरतच नाही, ब्लॉटवर कोरा गोल उमटतो. प्रोटोकॉलमध्ये फक्त ‘रोलर हलकेच फिरवा’. हलकेच म्हणजे किती, ते तुला सीनियरच्या मनगटाकडे बघून कळलं. त्या दिवशी तू समासात लिहिलंस, ‘हे कुठेच का लिहिलेलं नाही?’ तू कुठे चाललीस हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. किती कौतुक वाटलं होतं त्या ओळीचं!

तिकडे तुझी ही जाण कामाला येईल आणि आडवीही येईल. लॅबमध्ये बसून निरीक्षण करशील तेव्हा तुला उघड वाटणारी गोष्ट टिपायचीच राहील. म्हणून टिपणं त्याच रात्री लिही, सकाळपर्यंत निम्मं निसटतं. तासाभराची मुलाखत उतरवायला चार ते सहा तास धर. पंधरा मुलाखती झाल्या की टक्केवारी काढायचा मोह होईल, काढू नकोस. लॅबप्रमुखाची परवानगी म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे, तंत्रज्ञांना वेगळं विचार. जगात ते काम करणाऱ्या तीनच लॅब असतील तर नाव बदलून माणूस लपत नाही. आणि समाजशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लूरचा नियम: दावा टिकला तर ‘पुरावा होता’ आणि पडला तर ‘राजकारण झालं’ असं लिहायचं नाही, दोन्हींची कारणं एकाच पद्धतीनं शोधायची.

पण प्रबंध अर्धा सोडलास तर नव्या विभागातही पहिला प्रश्न त्याचाच येईल. दोन-तीन वर्षं हात थांबला की प्रयोगांच्या बेंचवर परतणं अवघड. शिफारसपत्रं देणारे मार्गदर्शकही दुखावलेले असतील. बघ, पुन्हा तिथेच आले. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते. माफ कर.

या चार महिन्यांत काय काय नव्यानं वाचणार त्याची यादी पाठव, मीही सोबत वाचीन. आणि तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा पाठव. आकृती ४ चा ब्लॉट कापलेला नको, मूळ पूर्ण चित्र जोड; परीक्षक तेच मागतील.

तुझी,
आई