श्रावणातली साबुदाणा खिचडी आणि तुझे रिपोर्ट

मेलबर्न,
१० ऑगस्ट

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पीसीओएसच्या (बीजकोश आणि हार्मोन यांच्या बिघाडाच्या) रिपोर्टचे फोटो मिळाले. वहिनी फोनवर सारखं ‘गाठी झाल्यात’ म्हणत होत्या, तेव्हा हा पहिला परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखव. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला बीजकोशात काही फॉलिकल (बीज असलेल्या बारीक पिशव्या) वाढू लागतात, त्यातलं एक पूर्ण वाढतं आणि बीज बाहेर पडतं. तुझ्या बाबतीत ती वाढ मधेच अडते. अडलेल्या फॉलिकलची ती माळ. ती काढून टाकायची नसते, आणि ‘गेली का’ बघायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करण्यात पैसे घालवू नका. मूल होण्याची काळजी आत्ताच नको. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं, काहींना बीज सुटण्यासाठी गोळ्या लागतात इतकंच. ‘लग्न झालं की आपोआप बरं होईल’ म्हणणाऱ्यांना चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

या सगळ्याच्या मुळाशी बहुतेकदा इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन, असतं. शरीर त्याला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. ते जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) वाढवायला लावतं आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन कमी करतं. हनुवटीवरचे केस, मुरमं, लांबणारी पाळी यांचा उगम तिथे.

तुझ्या कागदांत फक्त उपाशीपोटीची साखर आहे. तेवढ्याने भागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची तपासणी करून घे. पहिला आकडा चांगला असूनही दुसरा चढलेला निघू शकतो. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर ते डॉक्टरांना आधी सांग आणि त्यांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेव. त्याने थायरॉईडचे आणि टेस्टोस्टेरॉनचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता जेवण. २०२३ साली इथल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं निघाली. अमुकच आहार इतरांपेक्षा सरस, असं त्यात कुठेही नाही. म्हणजे भात-भाकरी जवळजवळ बंद करणारा किटो आहार नको, गहू-दूध सोडणं नको. ताटातली वाटणी बदल. दोन भाकऱ्यांची एक कर, उसळीची एक वाटी असेल तर दोन घे. इथे हमखास फसगत होते ती आमटीची: पातळ आमटीत डाळ चमचा-दोन चमचे आणि बाकी पाणी, आणि आपण समजतो प्रथिनं पोटात गेली. एका जेवणाला ३० ग्रॅम कोरडी डाळ धरलीस तर साधारण ७ ग्रॅम प्रथिन मिळतं. पोहे खा, पण वाटीभरच. त्यात मटार-शेंगदाणे आणि बाजूला मोडाची मटकी. चहाचा हिशेब कर: दिवसाला तीन कप, कपाला दोन चमचे म्हणजे जवळपास ३० ग्रॅम साखर. गूळ घातला तरी हिशेब तोच.

श्रावण चालू आहे, तेव्हा उपवासाचंही सांगते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दिवसभर उपाशी राहून रात्री ताटभर खिचडी, हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही असं दोन वेळा खा.

नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाल (बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं), त्यातली १०-१५ मिनिटं जेवणानंतर. तेव्हा स्नायू रक्तातली साखर उचलतात. शिवाय आठवड्यातून दोन दिवस, मधे एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम: खुर्चीला टेकून परत उठायच्या उठाबशा आणि भिंतीवरचे जोर, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. बारा सहज जमले की पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ टाक. पाठीवरचं ओझं वाढवत नेलं नाही तर स्नायू तिथल्या तिथे राहतात.

काट्यावर रोज चढू नकोस. ६८ किलोतले साडेतीन किलो जरी उतरले तरी पाळीत फरक पडू शकतो, आणि ते उतरायला तीन-चार महिने लागू देत. महिन्यातून एकदा कंबर मोज: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, उघड्या अंगावर, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही रेघ. हनुवटीचे केस मात्र इतक्यात हटणार नाहीत, त्यांना सहा महिने तरी लागतात; तोवर थ्रेडिंग कर, त्याने केस जाड होत नाहीत.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या पहिल्या दिवसाला लाल गोल कर. पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. संपल्यापासून मोजलं की चार-पाच दिवसांची चूक होते. नुसते डाग धरायचे नाहीत. अंतर ३५ दिवसांच्या आत येऊ लागलं की गाडी रुळावर आली. ९० दिवस कोरडे गेले तर मात्र वाट बघू नकोस, डॉक्टरांकडे जा. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं चांगलं नाही, ते गोळ्या देऊन उतरवतात. मेटफॉर्मिन (शरीराने इन्सुलिनला नीट दाद द्यावी म्हणून देतात ती गोळी) दिलंच तर ते जेवणाबरोबर घे, नाहीतर पोट बिघडतं. त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि तू शाकाहारी, तेव्हा वर्षाने ते तपासून घे.

दिवाळीच्या सुमारास ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या पानांचे फोटो पाठव. दादाला नमस्कार, वहिनींना साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायला सांग.

तुझी,
आत्या