क्वेकरांचा पहिला लढा घरातच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अटलांटिकवरील गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीविषयी आपल्याकडे लिहिले जाते, तेव्हा सुरुवात बहुधा ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स यांच्यापासून होते आणि ‘क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा पहिल्यापासून विरोध होता’ एवढ्या एका वाक्यात बाकीचा इतिहास आटोपला जातो. हे वाक्य दुरुस्त व्हावे, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन क्वेकर होते आणि त्यांनीही गुलाम बाळगले होते. याच वसाहतीत जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्ये माणसांच्या खरेदी-विक्रीचा लेखी निषेध केला. विषय फार जड आहे म्हणून पंथाच्या मासिक सभेने तो वर पाठवला, त्रैमासिक सभेने आणखी वर, आणि अखेर बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेने त्यावर निर्णय देणे उचित नाही असे ठरवून कागद बाजूला ठेवला. (सरकारी फायलींचा अनुभव असलेल्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल.) पुढे १७३८ मध्ये गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले क्वेकर बेंजामिन ले यांनी वार्षिक सभेतच एका पोकळ ग्रंथात तलवार खुपसली आणि आत लपवलेला फळांचा लाल रस, जणू रक्तच, जवळ बसलेल्या सभासदांवर उडवला. ले यांना पंथाने दूर केले.

दुसरे क्वेकर जॉन वूलमन यांची रीत मात्र अगदी वेगळी होती. तरुणपणी कारकुनी करताना मालकाच्या सांगण्यावरून एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, आणि ती टोचणी त्यांना जन्मभर पुरली. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन ते शांतपणे बोलत, आणि तिथे गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे त्या गुलामांच्याच हाती देत. क्वेकरांच्या सभेत मतदान नसते, सर्वांचे मन एका दिशेला वळेपर्यंत थांबावे लागते. विलंबाचे एक कारण हेही आहे, मात्र गुलाम बाळगणाऱ्यांचा स्वार्थ त्याहून मोठा होता, असे माझे मत आहे. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास पूर्ण बंदी केली ती १७७६ मध्ये, म्हणजे जर्मनटाउनच्या निषेधानंतर ८८ वर्षांनी.

गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी लंडनमध्ये १७८७ साली स्थापन झालेल्या समितीतील १२ पैकी ९ जण क्वेकर होते. शपथ घेणे त्यांच्या श्रद्धेत बसत नसल्याने संसदेचे दार त्यांना बंद होते; त्यामुळे तिथे बोलणारा आवाज विल्बरफोर्स यांचा राहिला, आणि नावही त्यांचेच.

जर्मनटाउनचा तो मूळ कागद पुन्हा उजेडात आला १८४४ मध्ये. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हाही माणसांचे लिलाव चालू होते.

आपला,
एक वाचक, सातारा